दोन्ही कान दिसायला हवेत

निपाणीत तंबाखूचा वास दुकानात आपणहून येतो.
उज्ज्वला भोपळे आली ती फोन पुढं धरून,
"काका, हे नियम. आधी वाचा, मग काढा."

वाचले. इंग्रजी मला फॉर्मपुरतं येतं.
पाठीमागं पांढरं. सावली नको.
चष्मा नको. दात नकोत.
दोन्ही कान दिसायला हवेत.

पाठीमागं माझ्याकडं काश्मीर आहे,
वडिलांच्या वेळचं, कोल्हापूरच्या पेंटरनं रंगवलेलं,
निम्म्या गावाची लग्नं त्या तळ्याकाठी ठरली.
तळ्यावर मी वडिलांचंच धोतर टांगलं. चार चिमटे.
एक होडी तरी खालून डोकावलीच,
ती स्टुलानं झाकली.

चाळीस वर्षं एकच काम केलं:
माणसांना हसवलं.
जत्राटची आली तर, "जरा हस गे",
संकेश्वराकडची आली तर, "स्वल्प नगव्वा",
आणि दोन्हीकडच्या बायका
हसताना तोंडावर पदर घ्यायच्या, की परत पहिल्यापासून.
आज पहिल्यांदा म्हणालो, हसू नकोस.
तर तिला हसू आवरेना.
"तुम्ही दम दिल्यासारखं म्हणा की, काका."
"नगब्याड!" म्हणालो.
मराठीत दम मला जमत नाही.
मग तिचा चेहरा झाला तसा,
वॉर्डात रात्री तीनला होत असेल तसा.

केस मागं घेतले.
डावा कान आईकडचा, जरा बाहेर आलेला.
ह्या कानांनी आईची मोजणी ऐकली,
कट्ट्यात पंचवीस, कट्ट्यात पंचवीस,
बेळगावच्या बसमध्ये कंडक्टरचं "मुंद होगरी, मुंद",
आणि त्याच बसमध्ये, वायर घालून,
कुणा गोऱ्या बाईनं सांगितलेलं हवामान.
सहा महिने रोज. ढग, ऊन, तुरळक सरी.
इथं पडलेला तिला ऐकू आला नसेल.

नावाचंही एक होतं.
रेशन कार्डावर कन्नडात तिचा एक ज गळालाय,
शाळेच्या दाखल्यावर मराठीत दोन्ही आहेत,
पासपोर्टात परत एकच जे.
"मग तू ह्यातली कुठली गे?"
"पासपोर्टातली," म्हणाली. फट्‌दिशी.

रात्री दहाला फोन. फोटो नापास.
डाव्या कानामागं सावली.
इस्त्री करूनही धोतरानं घडी सोडली नव्हती.

सकाळी सातला वखारीच्या भिंतीशी तिला उभी केली.
परवाच चुना मारलेली भिंत.
चुन्याखाली काय आहे ते मला ठाऊक आहे:
आमची घोषणा, तिच्यावर त्यांची,
त्यावर डांबर, डांबरावर परत आमची.
तिच्यातला एक काना माझ्या हातचा.
मी सतराचा होतो, ब्रश दुसऱ्याचा होता,
आणि काना जरा तिरका गेला
कारण कुणीतरी पोलीस म्हणून ओरडलं.
पोलीस नव्हते.
आता ती अक्षरं पोपडे धरून फुगलीत,
बोटाला लागतात.

"टेकू नकोस," म्हटलं, "चुना लागेल."
कॅमेऱ्यात नुसतं पांढरं आलं.
कामाला निघालेल्या बायका थांबून बघायला लागल्या,
त्यात तिची आईही, काखेत सूप.
काय चाललंय ते तिला कळलं नसावं.
लांबूनच दोन बोटांनी ओठ ताणून दाखवले,
हस की!
पोरगी हसली नाही.
फक्त उजवा कान तेवढा लाल झाला,
त्याबद्दल नियमांत काही नव्हतं.

दुपारी कळवलंन, पास.
म्हणजे फोटो. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.
पैसे फोनवरनं आले, चाळीस जास्त;
परत कसे पाठवायचे ते मला माहीत नाही.

धोतर उतरवलं, घडी केली, त्याच घडीवर.
होडीपुढचं स्टूल अजून तिथंच आहे.